उजवीकडची चमकी

भोगीच्या दिवशी आमच्याकडे दर वर्षी एकच भांडण होतं. चेन्नईत भोगी म्हणजे घरातलं जुनंपानं बाहेर काढायचं. पहाटे गल्लीच्या तोंडाशी फाटक्या चटया, झिजलेले झाडू, रद्दी पेटते आणि उजाडेपर्यंत मैलापूरवर धुराचं एक मळकट धुकं बसतं. तो वास आला की ह्यांना उत्साह येतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या पितळी कळशीकडे बोट दाखवून म्हणतात, "ही एकदा मोडीत दे. कोण पाणी भरतंय हिच्यात?" मी काही न बोलता वाटीत चिंच भिजत घालते. आमच्या घरात हे उत्तर समजलं जातं.

कळशी आईची. १९६४ साली लग्न होऊन ती मिरजेहून मद्रासला आली, तेव्हा गाडीत मांडीवर घेऊन आणलेली. बाबा पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत होते. पोटाशी बरोबर फूटभर रुंद, मधोमध तांबटाने घातलेला जोड आणि त्या जोडाच्या जरा वर अंगठ्याएवढा पोचा. तो पोचा ऐंशीच्या दशकातल्या पाणीटंचाईतला. लॉरी आली की सगळी गल्ली धावायची. तमिळ बायांच्या कुडमांच्या, म्हणजे घागरींच्या, रांगेत आईची कळशी, आणि एके दिवशी त्या घाईत ती आईच्याच हातून दगडावर आपटली. घरी येऊन आई भरलेल्या पाण्याबद्दल काहीच बोलली नाही, दोन दिवस पोच्यावरून बोट फिरवत राहिली.

या भोगीला मी ती घासून, पुसून जमिनीवर ठेवली आणि लेक मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसकण मारून बसली. "आई, इकडे ये. बाबा, तुम्हीपण." कळशीच्या पोटात आम्ही तिघं उमटलो. मधोमध लेकीचा मोबाइल धरलेला हात, भला थोरला, पुरीसारखा फुगलेला. त्याच्यामागे आमची तोंडं, कडेला जाता जाता बारीक होत वाकलेली. डाव्या हाताची गॅलरी एका उजळ चिरेएवढी झालेली. छताची ट्यूबलाइट धनुष्यासारखी. फोटो सुरेख आला. तिने तो मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "आजी-आजोबा पण पाहिजे होते ना ह्यात?" मग क्षणभराने, "तू घाल ना. तुला येतं."

मला येतं हे खरं. रॉयपेट्ट्याच्या एका छापखान्यात मी बावीस वर्षं संगणकावर बसून चित्रांची कामं केली. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, पोटापुरती पाठ्यपुस्तकं. पण सगळ्यात जास्त काम 'कण्णीर अंजली'चं. चेन्नईत माणूस गेला की त्याचा फोटो असलेलं भित्तिपत्रक गल्लीच्या भिंतींवर लागतं. घरच्यांकडे बहुधा एकच बरा फोटो असायचा, कुणाच्या तरी लग्नातला. त्यातून गेलेल्याला अलगद कापून काढायचं, शेजारच्याचा खांद्यावरचा हात पुसायचा, मागे निळं आभाळ, खाली समई. गर्दीतून माणूस बाहेर काढण्यात माझा हात बसलेला होता. आत घालण्याचं काम मात्र कुणी कधी आणलं नव्हतं.

लेकीने आधी तिच्या पद्धतीने करून पाहिलं. हल्ली एक ओळ लिहिली की यंत्र चित्र करून देतं. पाच-सहा सेकंदांत कळशीत एक आजी आणि एक आजोबा येऊन उभे राहिले. गुळगुळीत, हसरे, सरळसोट. आम्ही तिघं वाकडे आणि ते दोघं ताठ, जणू कळशीवर स्टिकर चिकटवलाय. "हे कोण?" ह्यांनी विचारलं. लेकीने गप्पपणे ते पुसून टाकलं.

आता खऱ्या फोटोंची अडचण सांगते. २०१५ च्या डिसेंबरच्या सुरुवातीला अड्यार नदी आमच्या तेव्हाच्या कोट्टूरपुरमच्या तळमजल्यावर आली. अल्बम कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात होते. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाणी पितो, फुगतो आणि वाळताना समोरच्या फोटोला धरून बसतो. ओले फोटो तसेच वाळू द्यायचे नसतात, स्वच्छ पाण्यात ठेवून सावकाश सुटे करायचे असतात, हे मला धंद्यामुळे ठाऊक होतं. पण त्या आठवड्यात प्यायला पाणी नव्हतं, फोटोंना कुठून देणार? अल्बमांच्या विटा झाल्या. रिकामी कळशी तेवढी तरंगत तरंगत दुसऱ्या खोलीत जाऊन राहिली होती. आई-बाबा दोघंही त्याआधीच गेलेले. एका परीने बरं झालं.

उरले ते मिरजेला मावशीकडे असलेले थोडे. त्यातले बहुतेक स्टुडिओतले, डोळ्यांच्या उंचीवरून काढलेले. ते निरुपयोगी होते आणि त्याचं कारण कळायला मला दोन संध्याकाळी लागल्या. प्रतिबिंब माणसाला आरशाच्या जागेवरून पाहतं. कळशी जमिनीवर होती. म्हणजे तिला माणसं खालून दिसतात: आधी साडीच्या निऱ्या, मग पोट, मग हनुवटीची खालची बाजू. समोरून काढलेला चेहरा त्या पितळेत कितीही वाकवा, तो उपराच राहतो.

खालून काढलेले फोटो फक्त दोन निघाले. बाबांचा, १९९३ सालचा, निवृत्तीच्या समारंभात मंचावर उभे असताना कुणीतरी खालच्या रांगेतून टिपलेला. आणि आईचा, १९७४ सालचा. तो मी काढलेला. मी आठ वर्षांची होते. बाबांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता, एका रोलवर बारा चौकोनी फोटो. एक फोटो त्यांनी मला काढू दिला. आई क्वार्टर्सच्या पायरीवर उभी, कमरेवर हात, वरून माझ्याकडे पाहते आहे आणि 'लवकर आटप' असं काहीतरी म्हणते आहे. क्षितिज तिरकं, पाय कापलेले. घरात सगळ्यांनी त्या फोटोला नावं ठेवली होती. पन्नास वर्षांनी तोच कामाला आला, कारण आठ वर्षांच्या पोरीची उंची आणि कळशीची नजर यांत फारसं अंतर नव्हतं.

फुगीर आरशाचा हिशेब शाळेत शिकवतात आणि परीक्षेनंतर कुणाला लागत नाही. मला तो साठीच्या उंबरठ्यावर लागला. आमची कळशी फूटभर रुंद, म्हणजे तिच्या गोलाईची त्रिज्या पंधरा सेंटिमीटर. तिच्यापासून दीड मीटरवर उभा असलेला साडेपाच फुटी माणूस कागदावरच्या हिशेबाने तिच्यात आठ सेंटिमीटरचा दिसेल. तीन मीटरवर गेला की चारचा. म्हणून गाडीच्या बाजूच्या आरशावर इशारा लिहितात की दिसतं त्यापेक्षा मागचं वाहन जवळ आहे. पण त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्या गाडीवर लिहीत नाहीत. प्रतिमा आरशाच्या पाठीमागे त्रिज्येच्या निम्म्यापलीकडे कधीच जात नाही. आमच्या कळशीपुरतं म्हणजे साडेसात सेंटिमीटर. दारातला भाजीवाला, समोरच्या गच्चीवरची टाकी, वरचा चंद्र, सगळे बारीक होतात, पण त्या साडेसात सेंटिमीटरांच्या आतच राहतात. गणित सोडवून मी पेन्सिल खाली ठेवली आणि उठून चहा टाकला.

मग त्यांना उभं कुठे करायचं? नुसती मोकळी जागा बघून चालत नाही. प्रतिबिंबात माणूस घातला म्हणजे तो आमच्या स्वयंपाकघरात खरोखर उभा होता असं म्हटलं. मग त्याने मागचा फ्रिज झाकला पाहिजे, गॅलरीच्या उजेडाची चीर थोडी अडवली पाहिजे, फरशीवर त्याची सावली पडली पाहिजे. बाबा आयुष्यभर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, कधी आत आले नाहीत. त्यांना चौकटीत ठेवलं. आई पुढे, डावीकडे, गॅलरीजवळ. तिथेच पोचा आहे हे मला दिसत होतं. मी आईला पोच्याच्या जरा अलीकडे सरकवलं.

त्यानंतर उलटापालट. आरशात डावं ते डावीकडेच दिसतं, फोटोत ते उजवीकडे जातं. म्हणजे साधा फोटो प्रतिबिंबात घालायचा तर आधी तो उलटवावा लागतो. बाबांचा उलटवला, तर खिसा उजवीकडे गेला, भांग दुसरीकडून पडला. ते चालून गेलं. पण उजेड चुकला. गॅलरी आमच्या डाव्या हाताला, आणि समारंभात बाबांच्या उजव्या गालावर प्रकाश होता. न उलटवता ठेवले असते तर उजेड बरोबर, खिसा चूक. चार सेंटिमीटरच्या माणसाचा खिसा कोण बघतंय, असं एकदा मनात आलं. पण पेरांबूरला बाबा रेल्वेच्या डब्याच्या रंगावर बोट फिरवून आतला खड्डा सांगायचे. त्यांच्याच फोटोत ही चलाखी नको वाटली. उलटवूनच ठेवले आणि उजव्या गालावरचा उजेड थोडा थोडा विझवत डाव्या गालावर नेला. त्यात एक रविवार गेला.

आईचा उजेड योगायोगाने बरोबर होता. तिची डावी बाजू उन्हात, नाकातली चमकी ठिपक्याएवढी पेटलेली. मी फोटो उलटवला आणि चमकी उजवीकडे गेली.

आपल्याकडे नाक डावीकडे टोचतात, तमिळ बायकांची मूक्कुत्ती बहुधा उजवीकडे असते. मद्रासला आल्यापासून आईला बाजारात, देवळात, डॉक्टरकडे बायका विचारायच्या, की तुमची डावीकडे कशी? ती मोडक्या तमिळमध्ये सांगायची, आमच्याकडे अशीच. एकोणपन्नास वर्षं या शहरात काढून, भात तीन वेळा वाढून घ्यायला शिकून, कोलमसुद्धा काढायला शिकून तिने ती बाजू सोडली नव्हती. आणि मी एका टिचकीत तिला तमिळ करून टाकलं. मी फक्त चमकी उचलून परत डावीकडे ठेवली. साधं काम, अर्ध्या मिनिटाचं.

पितळेचा रंग चढवणं अवघड नव्हतं. पितळ निळा प्रकाश गिळतं, पांढरं त्यात पिवळसर होतं, निळं काळपट. बाबांचा रंगीत फोटो तीस वर्षांत तांबूस पडला होता, त्याला समजूत घालावी लागली. आईचा काळा-पांढरा होता, तो पितळेत असा मिसळला की जणू तिच्यासाठीच धातू निवडला होता. मग घासणीचे बारीक ओरखडे सगळ्यांवरून जातील असा एक थर वर टाकला, कडेकडे जाताना माणसं आक्रसत वाकवली, मोबाइलच्या फोटोत जेवढे रवाळ कण होते तेवढे यांच्यावर पेरले. आणि तपशील पुसत गेले. आईचे डोळे, साडीचे इरकली काठ, बाबांच्या चष्म्याची काडी. चार सेंटिमीटरच्या माणसाला एवढं सगळं नसतं. सारं गेल्यावर कमरेवरचा हात उरला, एक खांदा जरा खाली उरला. ओळखायला तेवढं पुरलं.

तरी आई बसेना. बाबा बसले होते, चौकटीत अगदी जुन्यासारखे. आई मात्र फोटोवर ठेवल्यासारखी दिसायची. रंग बरोबर, उजेड बरोबर, उंची बरोबर.

त्या आठवड्यात शेजारच्या राव मामी आल्या. त्यांचे पूर्वज तंजावरचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं तेव्हापासून तिकडे रुजलेली जी मराठी घरं, त्यांतलं एक. त्यांचं मराठी आमच्या कानाला आरशातलं वाटतं. शब्द आपलेच, वळण तमिळ. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी शिलालेख त्यांनी मला नेऊन दाखवला होता. त्याच देवळाचा तळ लिनियस ट्राइप या मद्रास सरकारच्या छायाचित्रकाराने १८५८ मध्ये टिपला: जोत्यावरचे तमिळ लेख एका फोटोत मावेनात म्हणून एकवीस फोटो जोडून एकोणीस फुटांची पट्टी केली. हाच माणूस कागदी निगेटिव्हवर ब्रशने ढग काढायचा, कारण तेव्हाच्या रसायनात आभाळ कोरं पांढरं यायचं. म्हणजे आमच्या धंद्यातली पहिली पदरची भर या भागात संगणकाच्या सव्वाशे वर्षं आधी पडली आहे.

मामींच्या देवघरात तंजावरचं काचचित्र आहे. ते काचेच्या पाठीमागून रंगवतात, सगळं उलटं. आपण आधी चेहरा काढतो, मग दागिने. तिथे आधी दागिना, मग गाल, सगळ्यात शेवटी पार्श्वभूमी. एकदा गाल भरला की दागिना हलवता येत नाही.

मी पडद्यावरची कळशी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. "ही तुझी आई? चमकी चुकली. आरशात इकडे पाहिजे." आणि बोट स्वतःच्या नाकाला लावलं. त्यांची उजवीकडेच आहे. त्यांच्या घरात ती डावीकडून उजवीकडे कधी गेली, कुणी नेली, मी विचारलं. "काय की," म्हणाल्या, "इतकी वर्षं समोर बघत बसलं की होतं तसं."

मामी गेल्यावर मी चमकी उजवीकडे नेली. आणि आईला पोच्यापासून वाचवणं थांबवलं. पोच्याची एक करडी प्रत काढली. संगणकाला ती दिली की जिथे गडद आहे तिथे तो चित्र एका बाजूला ओढतो, फिकट आहे तिथे दुसऱ्या बाजूला लोटतो, मधल्या करड्याला जागच्या जागी ठेवतो. ती आईवरून फिरवली. तिचा डावा खांदा आत गेला, पदराची कड दुभंगली, कमरेवरच्या हाताचं कोपर दोनदा दिसू लागलं. आई कळशीत बसली. तिचाच हात सुटून पडलेला पोचा तिच्या खांद्यावर आला, आणि मगच ती त्या फोटोत आमच्या बरोबरीची झाली. आम्ही तिघं वाकडे असताना ममतेपोटी मी तिला एकटीला सरळ ठेवू पाहत होते. त्याने ती परकी होत होती.

लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान व्हान आइकचं १४३४ सालचं एक चित्र आहे. एक जोडपं उभं आहे आणि त्यांच्यामागे भिंतीवर गोल फुगीर आरसा. आरशात त्यांच्या पाठी दिसतात आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं, जी चित्रात दुसरीकडे कुठेच नाहीत. सहाशे वर्षं लोक त्यांच्याबद्दल तर्क करताहेत. ती खरी वाटतात, कारण तीही आरशाइतकीच वाकली आहेत.

आपण डोळ्यातल्या काळ्या वर्तुळाला बाहुली म्हणतो. बुबुळ हाही फुगीर आरसाच. जवळ जाऊन पाहिलं तर समोरच्याच्या डोळ्यात आपणच बाहुलीएवढे दिसतो, थोडे वाकलेले. तमिळमध्येही 'पावै' म्हणजे बाहुली आणि डोळ्यातली बाहुलीही. मार्गळीचा अख्खा महिना पहाटे देवळाच्या कर्ण्यावरून संत-कवयित्री आंडाळची तिरुप्पावै ऐकू येते, रोज एक, अशी तीस पदं. भोगीला ती संपतात. आई त्यातला एकच शब्द ओळखायची. "बाहुलीचं गाणं लागलं," म्हणायची आणि उठून कळशी भरायला घ्यायची.

फोटो मिरजेला मावशीला पाठवला. तिने तो खरा की केलेला, हे विचारलं नाही. बराच वेळ काही उत्तर नव्हतं, मग फोन आला. "ताईची चमकी उजवीकडे कशी गं?"

"आरशातला आहे तो, मावशी."

"हां," ती म्हणाली, "मग बरोबर."

लेकीने फोटो मॅट कागदावर छापून आणला. जिथे अल्बम होते तिथे नाही, वरच्या कप्प्यात ठेवला आहे. मागे मी पेन्सिलने लिहिलं, शाई पाण्यात पसरते म्हणून: 'भोगी, २०२५, चेन्नई. आम्ही तिघं. मागे उभे आई-बाबा नंतर घातलेले.' कळशी कोपऱ्यात आहे.